पाचरेविना पकड

नाशिककडील लोहार गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवी, ती खिळ्यांच्या भरवशावर नव्हे. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करावयाची, चाकावर बसवून पाणी ओतावयाचे. आकसताच ती लाकडास आवळी. १८६५ साली थळ घाटातून इगतपुरीस लोहमार्ग पोचला. आगगाडीच्या चाकांतही हेच तत्त्व रुजले. पाचर मारावी तर तिच्या खाचेपासूनच आस तडकण्याचे भय; म्हणून आस तुंब्याच्या छिद्राहून केसभर जाड ठेवून प्रचंड दाबाने आत रेटीत. पोलादी धाव मात्र लोहाराप्रमाणेच तापवून चढे. परंतु ३७ फुटांस एक फूट अशा त्या उतारावर ब्रेकच्या घर्षणाने धाव तापे, आणि जिने पकड दिली तीच उष्णता पकड सोडवू पाही! यास्तव तपासनीस हातोडीने चाक ठोकून पाही. घट्ट चाक खणखणे, सैल झालेले बद्द वाजे.