गुड फ्रायडे : कायदा आणि व्रत

गुड फ्रायडे हा येशूच्या क्रूसावरील मृत्यूच्या स्मरणाचा दिवस. बहुसंख्य कॅथलिक असलेल्या आयर्लंडमध्ये १९२७ च्या कायद्याने, काही अपवाद वगळता, या दिवशी मद्यविक्रीस बंदी घातली. परंतु बंदी विक्रीला होती, पिण्याला नव्हे; त्यामुळे आदल्या गुरुवारीच लोक घरी साठा करून ठेवीत. अखेर जानेवारी २०१८ मध्ये बंदी उठली आणि ३० मार्च २०१८ च्या गुड फ्रायडेला मद्यगृहे उघडली. चर्चचा उपवासाचा व मांसवर्जनाचा नियम मात्र तसाच राहिला. तो पाळणे आता ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. आम्हांला याचे नवल वाटत नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहूनही आमच्या घरांत एकादशी टिकली, ती कायद्याने नव्हे. वडीलधाऱ्यांनी मुकाट्याने पाळली म्हणून.