शिरो वत

शिरो वत हे इथियोपिया व एरिट्रिया या देशांतील, भाजलेल्या कडधान्यांच्या पिठाचे दाट व तिखट कालवण आहे.

उपवासातील स्थान
इथियोपियन ऑर्थोडॉक्स चर्चचे अनुयायी वर्षातील बहुतेक बुधवारी व शुक्रवारी, तसेच ईस्टरपूर्वी ५५ दिवस उपवास पाळतात. या काळात मांस, अंडी, दूध व लोणी वर्ज्य असल्याने प्रथिनांसाठी कडधान्यांवरच भिस्त असते. स्वस्त असल्यामुळे शिरो एरवीही घरोघरी शिजते.

कृती
हरभरे किंवा वाटाणे भाजून मसाल्यांसह दळतात. बारीक चिरलेला भरपूर कांदा प्रथम तेलाविना मंद आचेवर शिजवतात. ही वत या प्रकाराची खूण होय. कांदा मऊ झाल्यावर तेल, लसूण व ‘बर्बेरे’ हा लाल मिरचीचा मसाला परततात. १ वाटी पिठास सुमारे ३ वाट्या पाणी घालून उकळी आणतात व पीठ थोडेथोडे भुरभुरत सतत ढवळतात. अन्यथा गुठळ्या होतात. पिठाचा कच्चेपणा जाऊन तेल वर येईपर्यंत ते शिजवतात. उपवास नसल्यास तेलाऐवजी ‘नितेर किब्बे’ हे मसाल्यात कढवलेले तूप वापरतात. तेफ या धान्याच्या आंबवलेल्या ‘इंजेरा’ नामक पोळीवर वाढून ते हाताने खातात.

महाराष्ट्रातील पिठल्याशी त्याचे साम्य असले, तरी बेसन न भाजलेल्या डाळीचे असते, तर शिरोचे पीठ भाजलेल्या कडधान्यांचे असते.