अर्जावरचं एकच नाव

स्मरणिकेसाठी शाळेतल्या विज्ञानाच्या इतिहासावर काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला. मी सॉफ्टवेअरमधली बाई, इतिहास माझा विषय नव्हे. पण जुन्या कागदांमध्ये एक पिवळी पडलेली वही सापडली आणि लक्षात आलं की हा इतिहास लिहिणं माझ्याकडून जरा राहूनच गेलं आहे. आपल्या सगळ्यांसमोर तो एकदा नीट मांडते.

शाळकरी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत खऱ्या शास्त्रज्ञांबरोबर काम करू द्यावं, ही कल्पना आपल्या देशात बरीच जुनी आहे. १९६३ मध्ये एनसीईआरटीने राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ती दिल्लीपुरती होती आणि शिष्यवृत्त्या होत्या फक्त १०. १९६४ मध्ये ती देशभर नेली आणि संख्या ३५० केली. अकरावीच्या मुलांसाठी ही योजना होती. लेखी परीक्षा, विज्ञानविषयक निबंध, स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल आणि शेवटी मुलाखत असे तिचे टप्पे होते. निवड झालेल्यांना मूलभूत विज्ञानात थेट डॉक्टरेटपर्यंत मदत मिळे आणि उन्हाळी शिबिरंही होत. १९७६ मध्ये दहा अधिक दोनची रचना आली, तेव्हा योजनेचं नाव बदलून ‘राष्ट्रीय प्रज्ञाशोध’ झालं, समाजशास्त्रं, अभियांत्रिकी आणि वैद्यक हे विषयही आत आले आणि प्रकल्पाचा अहवाल मात्र गेला. आपल्याला शाळेत ‘एनटीएस’ म्हणून माहीत होती ती ही बदललेली परीक्षा.

पुण्यात तर विज्ञान दाराशीच होतं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणूनच शिवाजीनगरच्या त्या चौकाला अजून सगळे ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली विद्यापीठाच्या आवारात आयुका उभी राहिली आणि पुढच्या दशकात तिथे आठवी-नववीची मुलं उन्हाळ्यात एकेक आठवडा शास्त्रज्ञांबरोबर काम करू लागली. पौडहून एसटीने तास-दीड तासाचं हे अंतर, पण आपल्याला ते फार लांबचं वाटायचं.

आता आपल्या शाळेकडे येते. १९९५ चा पावसाळा, आपण नववीत. भूगोलाच्या तासाला बाईंनी पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवला. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि पूर्वेला सरकावं तसा तो झपाट्याने कमी होतो. मधल्या सुट्टीत खिडकीजवळच्या बाकावरची एक मैत्रीण म्हणाली, “मग आपल्या वर्गात तो दिसायला पाहिजे की. अर्धी पोरं मुळशीकडून येतात, अर्धी पिरंगुटकडून.”

एवढ्या एका वाक्यातून प्रकल्प सुरू झाला. डालड्याचे एकाच मापाचे डबे जमवले. कुणी मालेला, कुणी पौडात, कुणी पिरंगुटला, अंगणात उघड्यावर, पागोळ्यांपासून दूर डबा ठेवायचा. सकाळी सातला पट्टी बुडवून माप घ्यायचं, पाणी ओतून द्यायचं आणि प्रार्थनेआधी वहीत आकडा लिहायचा. ताम्हिणीला एकीचं आजोळ होतं, तिथूनही काही दिवसांचे आकडे आले. विज्ञानाच्या सरांनी प्रत्येक डब्याचं तोंड मोजून घेतलं. तोंड आणि तळ सारखेच रुंद असतील तर आत साठलेली उंची हाच पाऊस, हे त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं ते अजून डोळ्यांसमोर आहे.

वही मात्र त्या मैत्रिणीच्या ताब्यात होती आणि तिचा एक नियम होता. ज्या दिवशी माप नाही, तिथे फुली. कुणाचा डबा म्हशीने लवंडला, फुली. कुणाच्या आजीने ते पाणी तुळशीला घातलं, फुली. एकाने कालच्यासारखंच असेल म्हणून आकडा सांगितला, तर तिने त्याला सगळ्यांदेखत विचारलं, “तू बघितलंस का?” तो गप्प बसला, तीही फुली. जुलैतल्या एका दिवशी मालेचा डबा काठोकाठ भरून वाहून गेला. आम्ही म्हटलं डब्याची उंची लिही. तिने लिहिलं, “डबाभर. वरून किती गेलं माहीत नाही.”

सप्टेंबरअखेर बेरजा केल्या. डोंगराकडून पुण्याकडे येताना आकडे पायऱ्यांसारखे उतरत होते. पुस्तकातलं वाक्य आपल्या अंगणातल्या डब्यांतून बाहेर आलं होतं. ज्या पावसासाठी आपल्या खोऱ्यात धरण बांधलं, ज्याचं पाणी खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात जातं, ज्याच्यासाठी १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्याबरोबर इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, तो पाऊस आपण पट्टीने मोजला होता.

फेब्रुवारीत एका संस्थेच्या उन्हाळी विज्ञान शिबिराचा अर्ज शाळेत पोचला. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण तिथले लोक फार चांगले होते आणि मला सांगायचं आहे ते माझ्याबद्दल आहे. शाळेमागे एकच अर्ज, तोही इंग्रजीत. ‘तुम्ही केलेला प्रयोग’ या शीर्षकाखाली एक पान आणि वर विद्यार्थ्याच्या नावाची एक ओळ. मुदतीला पाच दिवस उरले होते. माझं इंग्रजी त्यातल्या त्यात बरं, घरी वडील नोकरीला, पुण्यात मावशीकडे राहायची सोय. सगळ्यांनीच धरून चाललं की अर्ज माझा. मैत्रिणीला कुणी विचारलंच नाही. तिच्या घरचे पाठवणार नाहीत, मोठ्या बहिणीचं लग्न आहे, असं आपण आपल्याच मनाशी ठरवून टाकलं. मीही विचारलं नाही.

शब्दकोश घेऊन दोन रात्री बसले आणि ते पान भरलं. ‘मी डबे ठेवले’, ‘मी नोंदी केल्या’, ‘माझ्या असं लक्षात आलं’. वहीत सतरा जणांची अक्षरं होती, अर्जावर माझं एकटीचं नाव.

मुलाखतीला बोलावलं. समोर तिघे होते. पावसाबद्दल त्यांनी फारसं विचारलं नाही. एकाने तक्त्यावर बोट ठेवलं आणि मराठीत विचारलं, “या फुल्या कसल्या?” मी म्हशीपासून तुळशीपर्यंत सगळं सांगितलं. “मग अंदाजाने आकडा का नाही भरला?” माझ्या तोंडून तिचंच वाक्य गेलं, “बघितलं नव्हतं ना.” ते एकमेकांकडे बघून हसले. माझी निवड झाली ती त्या उत्तरावर, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही. ते उत्तर माझं नव्हतं.

मे महिन्यातल्या त्या शिबिराने माझं आयुष्य बदललं, हे खोटं बोलून काय उपयोग? तिथे पहिल्यांदा संगणकाला हात लावला आणि आपलेच पावसाचे आकडे पडद्यावर आलेखाच्या रूपात पाहिले. पुढे अभियांत्रिकी, मग हिंजवडीतली नोकरी. हिंजवडीही आपल्याच मुळशी तालुक्यातली, त्यामुळे फार लांब गेले असंही म्हणता येत नाही.

या लेखाच्या निमित्ताने अर्जांचा इतिहास वाचताना कमला सोहोनींपाशी थांबले. १९३३ मध्ये मुंबईहून पदवी घेऊन कमला भागवतांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. केवळ मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. त्या तिथे जाऊन धरणं धरून बसल्या, अटींवर प्रवेश मिळवला आणि पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. त्यांना ‘नाही’ म्हणणारा माणूस समोर होता, त्याच्याशी भांडता आलं. माझ्या मैत्रिणीला कुणी ‘नाही’ म्हटलंच नव्हतं. तिने भांडायचं कुणाशी?

शोधताना आणखी एक गोष्ट कळली. राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेस १९९३ पासून होते आहे आणि तिथे मुलांनी गट करून आपल्या भागातल्या प्रश्नावरच प्रकल्प करायचा असतो. म्हणजे आपल्या सतरा डब्यांना चपखल बसेल अशी जागा तेव्हाही होती. आपल्यापर्यंत ती माहिती पोचली नव्हती, इतकंच. आज इस्रोचा ‘युविका’ हा नववीच्या मुलांचा उन्हाळी कार्यक्रम आहे, २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात ग्रामीण शाळांतल्या मुलांना जादा गुण आहेत. जागा वाढल्या आहेत, पण मुदतीआधी माहिती देणारं माणूस अजूनही लागतंच.

गेल्या दिवाळीत मी वही घेऊन मैत्रिणीकडे गेले. ती अंगणवाडी सेविका आहे. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. ती थोडा वेळ वही चाळत बसली. मग म्हणाली, “मला विचारलं असतंस तर मी आले असते. बहिणीचं लग्न पुढच्या वर्षी झालं.” त्यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. चहा झाल्यावर तिने तिचं रजिस्टर दाखवलं, मुलांच्या वजनांचं. मूल आलं नसेल त्या महिन्यात फुली होती. लेख लिहू का, असं विचारलं तेव्हा म्हणाली, “लिही. माझं नाव नको, पण ‘आम्ही’ असं लिही.”

तर मित्रमैत्रिणींनो, १९९५ चा पाऊस आम्ही सतरा जणांनी मोजला आणि ती कल्पना आमच्यातल्या एकीची होती. शाळेच्या इतिहासात अशी नोंद असावी. वही मी मेळाव्याच्या दिवशी ग्रंथालयात देणार आहे. आणि ज्यांना जमेल त्यांच्यासाठी एक विनंती. दरवर्षी डिसेंबरात आपल्यापैकी दोघांनी नववीच्या वर्गात जायचं, अशा सगळ्या कार्यक्रमांचे अर्ज आणि तारखा घेऊन. अर्ज भरायला बसायचं, इंग्रजीला मदत करायची. त्याआधी मात्र वर्गातल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला एकेक करून विचारायचं, “तुला जायचंय का?” पहिल्या वर्षी मी जाते. सोबत कोण येतंय ते मेळाव्यात सांगा.