चुना, सिमेंट आणि बादलीभर पाणी

मराठीत फसवण्याला 'चुना लावणे' म्हणतात. या वीकेंडला खऱ्याखुऱ्या चुन्याबद्दल लिहितोय, आणि गंमत म्हणजे तोसुद्धा फसवतोच!

आधी थोडं मागे जाऊ. १२१७ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ, सँडविच गावासमोरच्या समुद्रात इंग्रज आणि फ्रेंच जहाजांची लढाई झाली. इंग्रजांनी वाऱ्याची बाजू पकडली आणि चुन्याची पूड उधळली. वारा ती थेट फ्रेंचांच्या डोळ्यांत घेऊन गेला. दिसेनासं झालेल्या माणसांशी लढायला कितीसा वेळ लागणार? म्हणजे चुना डोळ्याचं काय करतो, हे माणसाला आठशे वर्षांपूर्वीच पक्कं ठाऊक होतं. फक्त त्या ज्ञानाचा उपयोग त्याने शस्त्र म्हणून केला.

आता १८२४. लीड्समधल्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने 'पोर्टलंड सिमेंट'चं पेटंट घेतलं. पोर्टलंड बेटावरच्या दगडासारखं दिसतं, म्हणून हे नाव. चुनखडी आणि चिकणमाती एकत्र भाजून ते तयार होतं. त्यात पाणी घातलं की होणाऱ्या रासायनिक क्रियेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड बाहेर पडतं. मराठीत सांगायचं तर विरलेला चुना! थोडक्यात, नाव बदललं, गोणी बदलली, आत तोच जुना गडी.

ओल्या सिमेंटचा पीएच १२ ते १३ असतो, आपल्या त्वचेचा साधारण ५. ही मोजपट्टी अशी आहे की एक अंक वाढला की अल्कली दसपट तीव्र होते. म्हणजे फरक किती, तो हिशोब तुम्हीच करा. आणि फसवणूक ती इथेच. स्लॅब भरायच्या दिवशी बिगारी तासन् तास ओल्या काँक्रीटमध्ये उभा असतो. बुटात थोडं काँक्रीट शिरतं, पँट गुडघ्यापाशी भिजते. गरम वस्तूचा चटका बसला की हात आपोआप मागे येतो, इथे तसं होत नाही. सुरुवातीला काहीच दुखत नाही. काही तासांनी आग व्हायला लागते, तोवर कातडी खोलवर जळलेली असते. ॲसिडने बऱ्याचदा वरचा थर गोठतो आणि पुढची वाट थोडी अडते. अल्कली मात्र पेशींमधली चरबी विरघळवत आत जात राहते. डोळ्यात गेली तर दृष्टीवरच बेतू शकतं.

मग उपाय? पाणी. भरपूर आणि लगेच. कोरडी पूड असेल तर आधी ती झटकायची, भिजलेले कपडे-बूट काढायचे आणि वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धुवायचं. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाणी सोडत राहायचं आणि मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. 'अल्कली आहे ना, मग लिंबू पिळू' हे आपल्यासारख्या शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्यांना सुचतं, पण ते करू नका. त्या क्रियेत उष्णता निर्माण होते आणि मोलाची मिनिटं जातात. तूप-हळदही नको.

पण सिमेंटची दुसरी एक इजा पाण्यालाही दाद देत नाही. गवंड्यांच्या हातांना होणारा हट्टी इसब. १९५० साली स्वित्झर्लंडमध्ये येगर आणि पेलोनी यांनी दाखवून दिलं की, यामागे सिमेंटमधल्या अगदी नगण्य क्रोमियमची ॲलर्जी आहे. एकदा ती जडली की सहसा जन्मभर साथ सोडत नाही. यावर तोडगा निघाला तो कारखान्यात. सिमेंटमध्ये फेरस सल्फेट (आपला हिराकस) मिसळलं की हे घातक क्रोमियम निरुपद्रवी रूपात जातं. डेन्मार्कने १९८३ मध्ये तसा कायदा केला, आणि तिथल्या बांधकाम कामगारांमध्ये ही ॲलर्जी कमी झाली. युरोपीय संघाने २००५ पासून दहा लाखांत दोन भाग ही मर्यादा घातली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, प्रत्येक युजरकडे जाऊन पॅच लावण्यापेक्षा बग मुळातच काढला!

शोध १९५०चा आणि कायदा १९८३चा. मधल्या तेहतीस वर्षांत किती गवंड्यांनी हातातली थापी कायमची खाली ठेवली असेल?

आपल्याकडे १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी केंद्रीय कायदा झाला. कामाच्या जागी प्रथमोपचाराची सोय करणं त्यात मालकावर बंधनकारक केलं होतं. पण इजा बाराव्या मजल्याच्या स्लॅबवर आणि नळ खाली गेटपाशी, असं असेल तर त्या सोयीचा काय उपयोग? लिफ्ट बसायला अजून वर्ष असतं आणि डोळा मिनिटांचा हिशोब मागतो.

आपल्यातले बरेचजण सध्या फ्लॅट बुक करण्याच्या गडबडीत आहेत. साइटवर गेलात की टाइल्स बघा, कार्पेट एरिया मोजा, पार्किंगवरून भांडा, जरूर भांडा! फक्त वर काम चालू असेल तिथे स्वच्छ पाण्याचं पिंप आणि मग आहे का, तेवढं मुकादमाला विचारा. गिऱ्हाइकाने विचारलं की पिंप लवकर वर चढतं.