फोडांमागचे हिरवे जाळे (थ्रेड)

१/ अंगावर पाण्याचे फोड, तोंडात न भरणाऱ्या जखमा. स्टिरॉइडपूर्व काळात 'पेम्फिगस' हे निदान म्हणजे बहुतेकांसाठी मृत्यूची वर्दी. पण फोड आलेला प्रत्येक रुग्ण पेम्फिगसचाच होता का?

२/ १९५३ साली वॉल्टर लेव्हर यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आधारे फरक दाखवला. पेम्फिगसमध्ये बाह्यत्वचेतील पेशींची परस्परांवरील पकड सुटते. दुसऱ्या, तुलनेने सौम्य आजारात संपूर्ण बाह्यत्वचाच तळापासून उचलली जाते. त्याचे नाव 'बुलस पेम्फिगॉइड'. परंतु ही पकड सोडवते कोण?

३/ शोधाचे साधन आधीच सिद्ध होते. प्रतिपिंडांना चमकणारे रंगद्रव्य जोडण्याची युक्ती अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये मांडली होती. १९६४ साली अमेरिकेतील बफेलो येथे अर्न्स्ट ब्यूटनर व रॉबर्ट जॉर्डन यांनी पेम्फिगसच्या रुग्णांचे रक्तद्रव ऊतीच्या पातळ कापांवर तपासले. पेशींच्या सीमा हिरव्या जाळ्यासारख्या उजळल्या. घातक प्रतिपिंडे रुग्णाच्याच रक्तात होती!

४/ १९६७ मध्ये पेम्फिगॉइडचीही प्रतिपिंडे सापडली. तिथे जाळे नव्हते, बाह्यत्वचेच्या तळाशी एकच रेघ उजळली.

५/ जाळे की रेघ? उपचारांची दिशा ठरवणारा हा प्रश्न आजही प्रयोगशाळेत विचारला जातो. शत्रू बाहेरून आलेला नव्हता. रक्षकांनीच तटबंदी पोखरली होती.