ॲलन, फ्लॉरेन्स एलिनवुड

(२३ मार्च १८८४–१२ सप्टेंबर १९६६). अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयावर नियुक्त झालेली पहिली महिला न्यायाधीश. जन्म यूटामधील सॉल्ट लेक सिटी येथे. वडील क्लॅरेन्स ॲलन हे अमेरिकन काँग्रेसमध्ये यूटाचे प्रतिनिधी होते. क्लीव्हलंड येथील वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या महिला महाविद्यालयातून १९०४ मध्ये पदवी घेऊन ती पियानोवादनाच्या शिक्षणासाठी बर्लिनला गेली. तथापि मज्जातंतूंना इजा झाल्यामुळे तिला व्यावसायिक वादनाचा विचार सोडावा लागला. मायदेशी परतल्यावर एका दैनिकात संगीतसमीक्षा करीत असतानाच तिने राज्यशास्त्रात एम्.ए. पदवी मिळविली (१९०८). वेस्टर्न रिझर्व्हच्या विधी शाखेत त्यावेळी स्त्रियांना प्रवेश नव्हता. म्हणून तिने प्रथम शिकागो व नंतर न्यूयॉर्क विद्यापीठात कायद्याचे अध्ययन करून १९१३ मध्ये एल्एल्.बी. पदवी संपादन केली व १९१४ मध्ये ओहायओत वकिलीची सनद घेतली.

वकिलीबरोबरच ती स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत कार्य करीत होती. ईस्ट क्लीव्हलंड नगराच्या सनदेने स्त्रियांना दिलेला नगरपालिका-निवडणुकीतील मताधिकार वैध असल्याचे तिने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात प्रतिपादिले आणि १९१७ मध्ये तो मान्य झाला. ऑगस्ट १९२० मध्ये एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने देशभर स्त्रियांना मताधिकार मिळाला. तोवर पक्षांतर्गत उमेदवार-निवड उरकलेली असल्यामुळे मतदारांच्या सह्यांच्या अर्जाद्वारे तिची उमेदवारी दाखल झाली व नोव्हेंबरमध्ये ती कायाहोगा परगण्याच्या न्यायालयावर निवडून आली. स्त्री म्हणून घटस्फोटाचे दावे आपल्याकडे सोपविण्याची सूचना तिने अमान्य केली; आपण तर अविवाहित आहोत, हा तिचा युक्तिवाद होता. १९२२ मध्ये ती ओहायओच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आली. अमेरिकेतील कोणत्याही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावरील ती पहिली स्त्री होय. १९२८ मध्ये तिची फेरनिवड झाली.

राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी १९३४ मध्ये तिची सहाव्या मंडलाच्या अपील न्यायालयावर नियुक्ती केली. ओहायओ, मिशिगन, केंटकी व टेनेसी ही राज्ये या मंडलात येतात. प्रारंभी सहकारी न्यायाधीशांकडून तिचे स्वागत थंडपणेच झाले. टेनेसी व्हॅली प्राधिकरणाविरुद्ध खाजगी वीज कंपन्यांनी केलेल्या दाव्याची सुनावणी तीन न्यायाधीशांच्या न्यायपीठापुढे तिच्या अध्यक्षतेखाली झाली. नौकानयन व पूरनियंत्रण यांसाठी धरणे बांधणे आणि त्यांतून निर्माण होणारी वीज विकणे हे संघशासनाच्या अधिकारकक्षेत येते, असा निर्णय जानेवारी १९३८ मध्ये देण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९३९ मध्ये तो कायम केला. मात्र कंपन्यांना असा दावा लावण्याचा अधिकारच नाही, या वेगळ्या कारणावर.

१९५८ मध्ये ती त्या मंडलाची मुख्य न्यायाधीश झाली. संघीय अपील न्यायालयाचे हे पद भूषविणारी ती पहिलीच स्त्री. १९५९ मध्ये ती नियमित सेवेतून निवृत्त झाली. सर्वोच्च न्यायालयासाठी तिचे नाव अनेकदा सुचविले गेले. पण नियुक्ती झाली नाही. तिच्यानंतर संघीय अपील न्यायालयावर दुसरी स्त्री, शर्ली हफ्स्टेडलर, १९६८ मध्ये आली, तर सर्वोच्च न्यायालयावर पहिली स्त्री, सँड्रा डे ओकॉनर, १९८१ मध्ये. एका स्त्रीच्या कर्तृत्वाने दार उघडले, तरी ते इतरांसाठी आपोआप उघडे राहत नाही, हे या कालावधीवरून दिसून येते.

टू डू जस्टली (१९६५) हे तिचे आत्मचरित्र. ओहायओतील वेट हिल येथे तिचे निधन झाले.