गवंड्याच्या १८ हालचाली

वीट रचण्याची कला मनुष्याच्या अतिशय जुन्या कलांपैकी एक होय. हजारो वर्षे गवंडी भिंती बांधीत आला. परंतु त्याची करणी, त्याची परांची आणि त्याची कामाची रीत यांत फारसा पालट झाला नाही. इतक्या हातांखालून गेलेल्या कामात सुधारण्याजोगे काही शिल्लक असेल, असे कोणाच्या मनात यावे कशाला? पण ते आले. १८८५ साली फ्रँक गिलब्रेथ हा १७ वर्षांचा अमेरिकन तरुण महाविद्यालयाची वाट सोडून बॉस्टन येथे गवंडीकाम शिकू लागला. एकच गवंडी तीन तऱ्हांनी वीट लावतो, हे त्याला दिसले. नेहमीच्या कामात एक तऱ्हा, घाईच्या वेळी दुसरी आणि उमेदवाराला शिकविताना तिसरी. (ही तिसरी तऱ्हा आम्हां शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहे.) या तिहींत उत्तम कोणती, हे मात्र कोणालाच सांगता येईना.

तेव्हा गिलब्रेथने गवंड्याच्या हालचालीच मोजल्या. एका विटेमागे त्या १८ भरल्या. त्यांतील सर्वांत महाग हालचाल कोणती, तर वाकणे. विटा पायाशी पडलेल्या असत. सुमारे ५ पौंडांची वीट उचलण्यासाठी १५० पौंडांचा मनुष्य आपला देह दोन फूट खाली नेई आणि पुन्हा वर आणी. आणि हे दिवसातून हजार वेळा! जो वाकत होता त्याला ही गोष्ट कळत नव्हती असे नव्हे, त्याची पाठ ती रोज सांगतच होती. पण विटेसाठी वाकायचेच असते, असा सर्वांचा समज होता. गिलब्रेथने भिंतीबरोबर उंच करता येईल अशी परांची तयार केली आणि विटा व चुना गवंड्याच्या हाताच्या उंचीवर आणून ठेवले.

दुसरी गोष्ट विटेच्या बाजूची. चांगली कड दर्शनी यावी म्हणून गवंडी प्रत्येक वीट हातात फिरवून पाही. हे काम त्याने बिगाऱ्यांकडे दिले. ते विटा निवडून, योग्य कड वर करून लाकडी चौकटीत लावून ठेवीत. चुना नेमका सैल कालविला की वीट हाताने दाबूनच बसते, करणीने ठोकावी लागत नाही, हेही त्याने दाखविले. एका हाताने वीट आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने चुना उचलण्याची सवय त्याने लाविली. १८ हालचालींच्या ५ झाल्या. एका इमारतीवर, जेथे ताशी १२० विटांची सरासरी असावयाची, तेथे त्याच्या माणसांची सरासरी ३५० झाली. फ्रेडरिक टेलरने १९११ च्या आपल्या ग्रंथात ही हकीकत मोठ्या कौतुकाने दिली आहे.

या ३५० विटांसाठी कोणालाही धावावे लागले नाही, हे मला विशेष वाटते. टेलरच्या अनुयायांच्या हाती मात्र घड्याळ होते, आणि सारा फरक तेथेच पडला. त्याच १९११ च्या ऑगस्टमध्ये बॉस्टनजवळच्या वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या कामगारांपाशी घड्याळ घेऊन माणूस उभा राहिला. एका कारागिराने त्याच्यासमोर काम करण्याचे नाकारले, त्याला काढून टाकण्यात आले, आणि त्याचे सर्व सोबती बाहेर पडले. संप आठवडाभरच टिकला; पण प्रकरण अमेरिकेच्या कायदेमंडळापर्यंत गेले, चौकशी झाली, आणि १९१५ साली सैन्याच्या कारखान्यांत अशा वेळमोजणीला बंदी आली. ती १९४९ पर्यंत टिकली. मला कारागिराचा राग समजतो. आपल्या हातांत किती वेळ वाया जातो हे दुसऱ्याने सांगावे, तो का जातो हे मात्र आपल्याला कोणी विचारू नये, हे कोणाला रुचेल?

गिलब्रेथची पत्नी लिलियन ही मानसशास्त्राची अभ्यासक होती. दोघांनी मिळून १९१६ साली कामगाराच्या थकव्यावर पुस्तक लिहिले. त्यात खुर्चीचा आणि विश्रांतीचा विचार आहे. १९२४ साली फ्रँक वारला. त्याच्यामागे ११ मुले सांभाळीत लिलियनने हे काम चालू ठेविले आणि १९३५ साली पर्ड्यू विद्यापीठात ती प्राध्यापिका झाली. मधल्या काळात तिने कारखान्यांबरोबर स्वयंपाकघरेही तपासली. स्वयंपाकाचा ओटा किती उंच असावा, हे तेथे उभ्या राहणाऱ्या बाईच्या उंचीवरून ठरवावे, असे तिचे सांगणे होते.